फिलेटचा हिशेब

हॉटेलात बिनकाट्याचा मासा पुढ्यात येतो, तेव्हा त्याचा बाकीचा देह कुठे गेला, हे कोणी विचारत नाही. तिलापिया घ्या. एक किलोच्या माशातून कातडी काढलेलं फिलेट निघतं जेमतेम साडेतीनशे ग्रॅम. डोकं मोठं ना! सामनमधून मात्र निम्म्याहून अधिक मांस मिळतं. म्हणजे अडीचशे रुपये किलोच्या तिलापियाचं फिलेट सातशेच्या पुढे जातं, आणि यात कापणाऱ्याची मजुरी धरलेली नाही.

त्या कापणाऱ्याच्या हातात बरंच काही असतं. डोक्यामागे सुरी सरळ खाली घातली, तर मानेजवळचं जाड मांस डोक्याबरोबर जातं. कल्ल्यामागून तिरकी घेतली, तर वाचतं. मग पातं मधल्या काट्याला टेकवून शेपटीकडे न्यायचं. काट्यावर खरखर ऐकू यायला हवी. ती थांबली, की मांस मागे राहायला लागलं म्हणून समजा. बोथट सुरी तर मांस फाडतेच. वेळही पाहावी लागते. मेल्यावर काही तासांत मासा ताठरतो. तेव्हा कापला, तर मांसाचे थर सुटतात. त्याआधी कापला, तर फिलेट आखडतं.

आपली कोळीण सुरमईचे आडवे तुकडे पाडते. काटा तुकड्यातच राहतो आणि त्याला चिकटलेलं मांस आपण बोटांनी काढून खातो. वजनाच्या हिशेबात मला हीच पद्धत सरस वाटते. डोकं कालवणात जातं, गाबोळी तव्यावर. घोळ माशाची तऱ्हा आणखी निराळी. त्याचं 'बोत', म्हणजे पोटातली हवेची पिशवी, वाळवून परदेशी जातं आणि मांसापेक्षा कितीतरी महाग विकलं जातं. तिथे पोट फाडतानाच सुरी जपावी लागते.

आइसलँडमध्ये कॉडची डोकी वाळवून नायजेरियाला धाडतात, आणि कातडीपासून जखमेवर लावायचं आवरण करतात. हेच सगळं फिशमीलला घातलं, तर चार-पाच किलोंची एक किलो भुकटी हाती येते.

बाजारात अख्खा मासा तोलून फिलेट करून घेत असाल, तर डोकं आणि सांगाडा मागून घ्या. त्यांचेही पैसे तुम्ही मोजलेले असतात. कल्ले काढा, रक्त धुऊन टाका, आणि रस्सा वीस-पंचवीस मिनिटांवर उकळू नका, नाहीतर कडवट होतो.