खर्जाच्या वाद्याचा खरा धनी



ह्या महोत्सवाच्या निमित्तानें संगीताविषयीं दोन शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, तेव्हां आम्ही मुद्दाम असा विषय निवडला कीं, ज्यावरून घरोघरीं वाद होतात, परंतु ज्याचा शांतपणें विचार क्वचितच होतो. तो विषय म्हणजे हातानें घडविलेली, भारी किंमतीची विद्युत् बास गिटार. कारखान्यांतील साध्या गिटारीच्या कितीतरी पट दाम देऊन हौशी लोक ती घेतात. घेणारा म्हणतो, हिच्यासारखी दुसरी नाहीं. घरचीं माणसें म्हणतात, लांकडाच्या फळीस इतके पैसे कशास? दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकून घेऊन, अशा वाद्याचें स्वामित्व कशांत आहे व त्यापासून मिळणारा आनंद कोणता, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

प्रथम हें वाद्य आलें कोठून तें पाहूं. वाद्यवृंदांत खर्जाचा स्वर सांभाळण्याचें काम पूर्वीं डबल बास ह्या पुरुषभर उंचीच्या वाद्याकडे असे. तें वाहून नेणें कष्टाचें, आणि ढोल व कर्णे यांच्या गजरांत त्याचा आवाज बुडून जाई. अमेरिकेंत सिअॅटल शहरीं पॉल टुटमार्क यांनीं १९३० नंतरच्या दशकांत विजेवर चालणारी आडवी धरावयाची बास गिटार करून पाहिली, पण तिचा फारसा प्रसार झाला नाहीं. पुढें १९५१ सालीं कॅलिफोर्नियांतील फुलर्टन येथें लिओ फेंडर यांनीं 'प्रिसिजन बास' बाजारांत आणली. दांडीवर पडदे बसविल्यामुळें स्वर नेमका लागे, म्हणून तिला तें नेमकेपणाचें नांव. नवल हें कीं, फेंडर यांस स्वतःस गिटार वाजवितां येत नसे. परंतु वाजविणारांची अडचण ते कान देऊन ऐकत असत.

फेंडर यांच्या गिटारीचे भाग यंत्रावर कापून जोडले जात, आणि सामान्य वादकाच्या हातीं ती पोंचली. मग हातानें घडविण्याची गरज कां पडली? चार तारांचा मिळून ताण दीडशें पौंडांहून अधिक असतो, आणि तो रात्रंदिवस दांडीवर पडतो. सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर सेकंदास सुमारें ४१ कंपनांचा. पांच तारांच्या गिटारीवर ती संख्या सुमारें ३१ पर्यंत उतरते. शिवाय दांडीचें स्वतःचें एक कंपन असतें. एखाद्या पडद्यावर तारेचें व दांडीचें कंपन जुळलें, म्हणजे तारेची शक्ति दांडी पिऊन टाकते आणि तो एकच स्वर इतरांपेक्षां लवकर विझतो. हा दोष महाग गिटारींतहि सर्वथा टळतो असें नाहीं. तथापि कुशल कारागीर नीट वाळलेल्या लांकडाच्या निरनिराळ्या पट्ट्या एकमेकींस चिकटवून ताठ दांडी करतो, पडदे एकेक करून घासतो, आणि तारा पट्टीच्या इतक्या जवळ आणतो कीं बोटांस शीण होत नाहीं, तरी पडद्यावर तार खडखडत नाहीं. ह्या कामास दिवस लागतात, आणि दाम मुख्यतः त्या दिवसांचें असतें. वरच्या पातळ लांकडावरील सुंदर शिरांनीं स्वर किती पालटतो, ह्याविषयीं जाणत्यांत मतभेद आहे. डोळ्यांस सुख होतें, एवढें निश्चित.

ह्या मार्गावरील एक पहिलें पाऊल अलेम्बिक ह्या कार्यशाळेनें टाकलें. ती १९६९ सालीं सॅन फ्रॅन्सिस्कोच्या परिसरांत, ग्रेटफुल डेड नांवाच्या वाद्यवृंदाच्या ध्वनिसामग्रीच्या निमित्तानें निघाली. १९७२ सालीं तेथें जॅक कॅसडी ह्या वादकासाठीं एक बास गिटार घडविण्यांत आली. तारेखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचे हजारों वेढे, हा पिकअप सर्वच गिटारींत असतो; अलेम्बिकनें गिटारीच्या पोटांतच स्वर शुद्ध व बळकट करणारी विद्युद्योजना बसविली. उत्तम लांकूड, उत्तम हात आणि उत्तम विद्युत्कला यांचा असा मेळ बास गिटारींत त्या वेळीं नवा होता.

येथवर ऐकून कोणास वाटेल कीं, महाग वाद्य घेतलें म्हणजे उत्तम संगीत आपोआप आलें. इतिहास असें सांगत नाहीं. डेट्रॉइट येथें मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांखालीं ज्यांनीं खर्जाचा पाया घातला, ते जेम्स जेमर्सन १९६२ सालची, कारखान्यांतील प्रिसिजन बास वाजवीत. एकट्या तर्जनीनें तार छेडीत. आणि तार तुटल्याखेरीज बदलीत नसत. जाको पास्टोरियस यांची गिटारहि १९६२ सालची, फेंडर कारखान्याचीच. तिचे पडदे काढलेले होते, व उघड्या पट्टीवर नौकांस लावतात तसल्या रोगणाचा टणक थर दिलेला होता. त्या ओबडधोबड गिटारीवर त्यांनीं १९७६ सालच्या आपल्या ध्वनिमुद्रिकेंत खर्जास असें गावयास लावलें कीं, ह्या वाद्याची प्रतिष्ठाच पालटली. ती गिटार १९८६ सालीं न्यूयॉर्कच्या एका उद्यानांतून चोरीस गेली, आणि पुढच्या वर्षीं पास्टोरियस निवर्तले. सुमारें वीस वर्षांनीं ती त्याच शहरांत सांपडली. परंतु ते हात परत कोठून आणावे?

मग हस्तनिर्मित गिटार ही केवळ धनिकांची हौस आहे काय? तसेंहि नाहीं. न्यूयॉर्कचे वादक अँथनी जॅक्सन यांच्या मनांत आलें कीं, बास गिटार ही गिटारीच्याच कुळांतील सर्वांत खालच्या स्वराची बहीण होय. मग गिटारीस सहा तारा आणि हिला चारच कां? ही मागणी कोणत्याहि कारखान्याच्या सांच्यांत बसणारी नव्हती. कार्ल थॉम्प्सन ह्या कारागिरानें १९७५ सालीं त्यांस सहा तारांची गिटार करून दिली. परंतु तारांमधील अंतर त्यांस अरुंद वाटलें. पुढें विनी फोडेरा व जोई लॉरिसेला यांनीं १९८३ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत कार्यशाळा काढली. तेथें जॅक्सन यांच्यासाठीं एकामागून एक गिटारी घडल्या; वादकानें वाजवून उणीव सांगावी, कारागिरानें पुढच्या गिटारींत ती भरून काढावी, असें वर्षानुवर्षें चाललें. आज सहा तारांची बास गिटार सामान्य दुकानांतूनहि विकत मिळते, ती त्या वादकाच्या आग्रहाचें व त्या कारागिरांच्या धीराचें फळ आहे. आमच्या मतें, अधिक दाम देण्याचें न्याय्य कारण हेंच. ज्यास आपल्या हाताची व कानाची गरज स्पष्ट शब्दांत सांगतां येते, त्यास कारागीर कांहीं देऊं शकतो. ज्यास ती सांगतां येत नाहीं, त्यास तो केवळ सुंदर लांकूड देतो.

आतां आनंदाविषयीं. बास वाजविणाऱ्याचा आनंद कांहींसा निराळा आहे. गाणाऱ्याकडे लोक पाहतात, ढोलाच्या ठेक्यावर पाय हालतात, पण खर्जाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. तो थांबला म्हणजे मात्र सर्वांस वाटतें कीं, गाण्याखालची जमीन खचली. म्हणून उत्तम बास गिटारीचें सुख एकट्यानें खोलींत बसून पुरतें भोगतां येत नाहीं. इतरांच्या स्वराखालीं आपला स्वर धरला म्हणजेच तें हातीं लागतें. मोल वाढेल ह्या आशेनें जी गिटार वर्षानुवर्षें पेटींत कुलूप लावून ठेवली, तिचा मालक कागदोपत्रीं मालक असेल, पण ते तिचे रखवालदारच म्हणावयाचे. आमच्या कोंकणपट्टीच्या दमट पावसाळ्यांत तर न वाजविलेल्या, न पाहिलेल्या वाद्याची दांडी वांकते आणि लोखंडी भागांवर गंज चढतो. वाजविल्यावर तारा पुसून ठेवणें, दांडीच्या पोटांतील सळई हवामानाप्रमाणें जाणत्या हाताकडून आंवळून किंवा सैल करून घेणें, हीं कामें प्रेमानें करणें हाहि स्वामित्वाचाच एक भाग आहे.

आणखी एक जबाबदारी आहे, आणि ती आमच्या देशाच्या रानांपर्यंत पोंचते. ह्या गिटारींवरील बोटें फिरविण्याची पट्टी पुष्कळदां शिसवीची असते, आणि ती शिसवी आमच्या सह्याद्रींतहि वाढते. ब्राझील देशांतील तिच्या जातभाई वृक्षाची इतकी तोड झाली कीं, १९९२ सालीं आंतरराष्ट्रीय करारानें त्याचा व्यापार जवळजवळ बंद केला. २ जानेवारी २०१७ पासून त्या कुळांतील इतर सर्व वृक्षांच्या व्यापारासहि परवान्याचें बंधन आलें. वादकांची फार अडचण होऊं लागल्यामुळें २०१९ सालीं तयार वाद्यांस त्यांतून सवलत मिळाली. ब्राझीलच्या जातीस मात्र ती नाहीं. ज्या वृक्षास वाढावयास कित्येक दशकें लागलीं, त्याचें लांकूड आपण मांडीवर घेतों. तें भिंतीवर शोभेस टांगणें हें त्या वृक्षाशींहि अन्यायाचें नव्हे काय?

तेव्हां तरुण मित्रांस आमचें सांगणें एवढेंच कीं, साध्या गिटारीवर प्रथम हात तयार करा. कर्ज काढून, घरच्यांच्या गरजा बाजूस सारून, भारी वाद्य आणूं नका. साध्या गिटारीनें जेमर्सन यांचें कांहीं अडलें नाहीं. पुढें हात मोठा झाला, आपल्यास काय हवें तें कळूं लागलें आणि पदरीं पैका असला, तर कारागिराकडे निःशंक जा, व त्याच्या दिवसांचें पुरें दाम त्यास द्या. वडील मंडळींनींहि मुलाच्या हौसेस उधळपट्टी म्हणण्यापूर्वीं, तो रोज किती वेळ वाजवितो, तें एकदां पाहावें. आणि ज्यांच्या घरीं असें वाद्य आहे, त्यांनीं एखाद्या शिकणाऱ्या मुलास आपल्या देखत तें हातीं घेऊं द्यावें. चांगली निगा राखली तर ती गिटार आपल्यामागें पुष्कळ वर्षें वाजत राहील. तिचा पुढचा वादक आजच तयार होऊं लागला, तर त्यांत आपलें कांहींच जात नाहीं.