अणुयुगाचे भाकीत आणि आपली मुले
(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



यंत्रेच विचार करू लागल्यावर आमच्या मुलाने कोणती शाखा घ्यावी, हा प्रश्न आज प्रत्येक पालकाच्या मुखी आहे. छातीठोक उत्तरे देणारेही पुष्कळ आहेत. म्हणून अशाच एका भाकिताची हकीकत सांगतो. ते कोणा ज्योतिषाचे नव्हे, डॉ. होमी भाभांसारख्या थोर शास्त्रज्ञाचे आहे.

सन १९५५ च्या ऑगस्टमध्ये अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासाठी संयुक्त राष्ट्रसंघाची परिषद जिनिव्हा येथे भरली. डॉ. भाभा तिचे अध्यक्ष होते. हायड्रोजनच्या अणुगर्भांच्या संयोगातून सूर्याच्या पोटात जी शक्ती निर्माण होते, ती येत्या वीस वर्षांत मनुष्याच्या ताब्यात येईल, असे त्यांनी तेथे वर्तविले. १९७५ साल आले आणि गेले. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत, लेझर किरणांनी इंधनाच्या गोळीत ओतलेल्या ऊर्जेहून अधिक ऊर्जा बाहेर पडली खरी; परंतु त्या शक्तीवर चालणारे वीजगृह अद्याप जगात कोठेही नाही.

युरेनियमच्या विजेचेही तेच झाले. १९८० पर्यंत देशात ८,००० मेगावॅट क्षमतेची अणुवीजकेंद्रे होतील, असा डॉ. भाभांचा अंदाज होता. १९६६ साली ते विमान-अपघातात गेले. तारापूरचे केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले; पण १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर परदेशांनी हात आखडता घेतला. आठ हजारांचा तो आकडा ओलांडावयास २०२४ साल उजाडले. यात त्यांच्या बुद्धीस उणेपणा आणण्याचा माझा हेतू नाही. असे स्वप्न पाहणारा नसता तर तारापूरही झाले नसते.

खरी गंमत पुढेच आहे. जिनिव्हा परिषदेच्या आदल्याच वर्षी, १९५४ मध्ये, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट जगाला दाखविला. पडलेल्या उन्हापैकी शेकडा सहा भागांचीच तो वीज करी. तिच्यावर खेळण्यातला पाळणा फिरवून दाखविण्यात आला. खेळण्यात राष्ट्राचे भवितव्य कोण पाहणार! २०२५ च्या जानेवारीत भारतातील सौरविजेची क्षमता एक लाख मेगावॅटवर गेली. रात्री ती कामाची नाही, हे मान्य. तथापि सूर्याच्या पोटातील तीच शक्ती आपल्या छत्रपती संभाजीनगरातील गच्च्यांवर उतरली आहे, आणि तिच्या तारा जोडावयास आय.टी.आय. झालेला वीजतंत्री लागतो.

आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर ‘मागणी असलेल्या शाखांसच प्राधान्य’ असे कलम आहे. ही मागणी कोणाच्या भाकितावरून ठरवावयाची? वीजतंत्री होऊ इच्छिणाऱ्या मुलाचा आणि इतिहास शिकू इच्छिणाऱ्या मुलीचा अर्ज या कलमामुळे मागे पडतो. ते कलम काढून टाकावे, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवीत आहे. येत्या सर्वसाधारण सभेत ती चर्चेस घ्यावी, ही विनंती.