कुत्र्याचे भुंकणे, शेजार आणि कायदा

पाळीव कुत्र्याच्या भुंकण्यासाठी भारतीय कायद्यात स्वतंत्र कलम नाही. तक्रार उभी राहते ती त्यातून होणाऱ्या त्रासावर, आणि त्रासाच्या स्वरूपानुसार कायदाही बदलतो. हे आधी ठरले नाही, तर तक्रारदाराला पोलीस ठाणे आणि महापालिका यांच्यात नुसते हेलपाटे पडतात.

प्रथम कारण. छत्रपती संभाजीनगरात सिडकोच्या रो-हाउसमध्ये दोन घरांत भिंत एकच असते आणि गच्च्या लागून असतात. नळाला काही दिवसांआड, कधी अवेळी पाणी येते. रात्री पाणी सुटले की गल्लीत फाटके वाजतात, मोटारी सुरू होतात, आणि गच्चीवर साखळीला बांधलेला कुत्रा प्रत्येक आवाजावर भुंकतो. दिवसभर एकटा ठेवलेला, फिरायला न नेलेला कुत्रा अधिक वेळ भुंकतो. पहिला आधार इथेच मिळतो: कुत्र्याला विनाकारण दीर्घकाळ आखूड किंवा जड साखळीने बांधणे आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणे, ही प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार क्रूरता आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये इतका किरकोळ असला, तरी निगा राखण्याची जबाबदारी मालकाची, हे त्यातून स्पष्ट होते.

दुसरा आधार ध्वनिप्रदूषण नियम, २००० चा. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. पातळी मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक वाढल्यास नियमांखालील प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. मात्र भुंकणे थांबून थांबून होत असल्याने ते मोजणे अवघड असते, आणि मोबाइलवरचा आकडा अधिकृत मोजणीची जागा घेत नाही. तारीख, वेळ आणि किती मिनिटे भुंकणे चालले याची रोजची नोंद म्हणूनच अधिक उपयोगी पडते.

तिसरा आधार सार्वजनिक उपद्रवाचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ नुसार त्यासाठी १,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा अदखलपात्र असल्याने दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. शिवाय उपद्रव ‘सार्वजनिक’ हवा, म्हणजे परिसरातील लोकांना होणारा. एकट्या घराच्या अर्जापेक्षा गल्लीतील चार-पाच घरांच्या सह्यांना इथे वजन येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश देऊ शकतो. त्रास एकाच शेजाऱ्याला असेल, तर शहरातील अदालत रोडवरील न्यायालयात दिवाणी दावा लावून मनाई हुकूम मागण्याचा मार्ग उरतो.

कुत्रा पाळण्यावरच बंदी घालण्याचा अधिकार गृहनिर्माण सोसायटीला नाही, ठराव बहुमताने झाला तरीही, असे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. भुंकणे नैसर्गिक आहे, पण शेजाऱ्यांना, विशेषतः रात्री, त्रास होऊ नये यासाठी मालकाने प्रयत्न करावेत, असेही त्यांत म्हटले आहे.

मोकाट कुत्र्यांची गोष्ट वेगळी. त्यांना मालक नसतो. निर्बीजीकरण आणि लसीकरण महापालिकेच्या कक्षेत येते, आणि त्यासाठी प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ लागू आहेत. वैतागून कुत्र्याला विष घालणे हा मात्र न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. असे करणारा तक्रारदार स्वतःच आरोपी होतो.

यावरून क्रम ठरतो: आधी मालकाशी समोरासमोर बोलणे, मग सोसायटीला किंवा मालकाला लेखी पत्र, त्यानंतर नोंदी जोडून पोलिसांकडे अर्ज, आणि शेवटी न्यायालय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत लोकअदालतीत दाखलपूर्व तडजोडही होऊ शकते. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील चालत नाही. साखळी सोडून कुत्र्याला रोज फिरवणे आणि रात्री घरात घेणे, एवढ्याने जो वाद मिटू शकतो, तो न्यायालयात नेण्यात दोन्ही घरांचे नुकसानच आहे.