तेरा गोल आणि एक मोडलेला पाय

फुटबॉलच्या मैदानावर दोन्ही बाजूंचे गडी सारखेच धांवत असतात. परंतु सामना संपवून घरीं परतणाऱ्या प्रेक्षकांच्या तोंडीं बहुधा गोल करणाऱ्याचेंच नांव असतें. बचाव करणाऱ्याचें चांगलें काम पुष्कळदां दिसतच नाहीं. आघाडीवरील सेंटर फॉरवर्डचें काम मात्र आंकड्यांत मोजलें जातें. गोल होत आहेत तोंवर त्याचा जयजयकार. ते थांबले कीं त्याच्या जागीं दुसरा. खेळ हेंच ज्याच्या उपजीविकेचें साधन, त्याच्या आयुष्यांत ह्या हिशेबाचा अर्थ काय होतो, हें फ्रान्सच्या ज्यूस्त फाँतेन ह्या खेळाडूच्या चरित्रावरून चांगलें समजतें.

फाँतेनचा जन्म १८ ऑगस्ट १९३३ रोजीं मोरोक्कोंतील माराकेश शहरीं झाला. मोरोक्को त्या वेळीं फ्रान्सच्या संरक्षणाखालीं होता. कासाब्लांका येथील एका क्लबांत त्यानें तीन वर्षें खेळून नांव मिळविलें आणि १९५३ मध्यें तो फ्रान्समधील नीस येथील क्लबांत धंदेवाईक खेळाडू म्हणून दाखल झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्याला लक्झेंबुर्गविरुद्ध फ्रान्सच्या राष्ट्रीय संघांत घेण्यांत आलें. पहिल्याच सामन्यांत त्यानें तीन गोल केले. तरीहि त्या संघांतील जागा त्याला लगेच पक्की करतां आली नाहीं. नीसच्या क्लबानें १९५४ मध्यें फ्रेंच चषक आणि १९५६ मध्यें लीगचें विजेतेपद मिळविलें. त्या वर्षीं रँस येथील प्रख्यात क्लबाचा नामांकित खेळाडू रेमाँ कोपा हा माद्रिदला गेला, आणि रँसनें फाँतेनला आपल्याकडे घेतलें.

१९५७ च्या हिवाळ्यांत गुडघ्यांतील कूर्चेवर शस्त्रक्रिया होऊन फाँतेनला कांहीं आठवडे घरीं बसावें लागलें. दुसऱ्या एखाद्याचें वर्ष तेवढ्यानें फुकट गेलें असतें. फाँतेनच्या बाबतींत ही सक्तीची विश्रांति उपकारकच ठरली. इतर गडी हंगामाच्या शेवटीं थकलेले असतां त्याचे पाय ताजे होते. त्या हंगामांत त्यानें लीगमध्यें ३४ गोल केले.

पुढें १९५८ च्या जूनमध्यें स्वीडनांत विश्वचषक स्पर्धा भरली. रँसचाच खेळाडू रने ब्लियार ह्याचा घोटा दुखावल्यामुळें फाँतेनचा आघाडीवरील मार्ग मोकळा झाला. स्पर्धेपूर्वीं सरावांत त्याचा बूट फाटला. त्या काळीं खेळाडूंपाशीं बुटांचे ढीग नसत. स्तेफान ब्रुए नांवाच्या राखीव गड्याच्या पायाचें माप त्याच्या मापाशीं जुळत होतें. त्यानें आपले बूट दिले. ह्या उसन्या बुटांनीं फाँतेननें पॅराग्वेविरुद्ध तीन, युगोस्लाव्हियाविरुद्ध दोन, स्कॉटलंडविरुद्ध एक, उत्तर आयर्लंडविरुद्ध दोन, ब्राझीलविरुद्ध एक आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यांत पश्चिम जर्मनीविरुद्ध चार गोल केले. सहा सामन्यांत तेरा! त्यांत पेनल्टीचा एकहि नाहीं. पश्चिम जर्मनीविरुद्ध फ्रान्सला पेनल्टी मिळाली, तीहि कोपानेंच मारली. स्पर्धा संपल्यावर बूट ब्रुएला परत गेले. १९७० मध्यें जर्मनीच्या गेर्ड म्युलरनें दहा गोल केले. परंतु २०२२ पर्यंतच्या कोणत्याहि एका स्पर्धेंत कोणालाहि तेराचा आंकडा गांठतां आला नाहीं. लिओनेल मेस्सीचेहि २०२२ अखेर तेराच गोल झाले होते. पण त्याला त्यासाठीं पांच स्पर्धा लागल्या.

१९५९ मध्यें रँसचा संघ युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला. माद्रिदनें त्याला २-० असें हरविलें. तथापि त्या स्पर्धेंत सर्वांत अधिक म्हणजे दहा गोल फाँतेनचेच होते. ह्या वेळीं त्याचें वय पंचवीस वर्षांचें होतें.

आणि येथेंच दैव फिरलें. मार्च १९६० मध्यें लीगच्या एका सामन्यांत प्रतिपक्षाच्या गड्याशीं टक्कर होऊन त्याचा पाय मोडला. तो बरा होऊन परतला, तोंच १ जानेवारी १९६१ रोजीं तोच पाय पुन्हां मोडला. त्यानंतर त्यानें प्रयत्न सोडला नाहीं. परंतु गोल करणाऱ्याची सारी मदार पहिल्या दोन पावलांच्या झेपेवर असते, आणि ती झेप आतां उरली नव्हती. १९६२ मध्यें, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, त्यानें खेळ सोडला. फ्रान्सकडून २१ सामन्यांत ३० गोल, हा त्याचा हिशेब तेथेंच मिटला.

परंतु फाँतेनच्या चरित्राचा अधिक मोलाचा भाग त्या मोडलेल्या पायापासूनच सुरू होतो. त्या काळीं फ्रान्समधील धंदेवाईक खेळाडूचा करार म्हणजे एक प्रकारची वेठच होती. एकदां सही केली कीं वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत तो त्या क्लबाशीं बांधला जाई. क्लबाला वाटेल तेव्हां त्याला विकतां येई. त्याला मात्र स्वतःच्या इच्छेनें दुसरीकडे जातां येत नसे. पस्तिसाव्या वर्षीं बहुतेक खेळाडूंचा खेळ संपलेला असतो. म्हणजे सुटका होई ती विकण्यासारखें कांहींहि उरलें नसतां! पाय बरा होण्याची वाट पाहत असतांनाच, नोव्हेंबर १९६१ मध्यें, फाँतेननें कॅमेरूनचा खेळाडू यूजेन न्जो लेआ आणि इतर सहकाऱ्यांच्या साहाय्यानें धंदेवाईक खेळाडूंची संघटना स्थापन केली, आणि तिचा पहिला अध्यक्ष तोच झाला.

क्लबांच्या चालकांना हें रुचणारें नव्हतें. १९६३ मध्यें कोपानें, फुटबॉलपटु हे गुलाम आहेत, असें वृत्तपत्रांतून उघड सांगितलें. त्याबद्दल त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली. फाँतेननंतरच्या पदाधिकाऱ्यांनीं लढा चालूं ठेवला. अखेर १९६९ मध्यें ठराविक मुदतीचा करार मान्य झाला. पुढें तो हिरावून घेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हां डिसेंबर १९७२ मध्यें खेळाडूंनीं संप केला आणि मिळविलेलें टिकविलें.

फाँतेन पुढें शिक्षक म्हणूनहि मैदानावर राहिला. १९६७ मध्यें फ्रान्सच्या संघाचा तो मार्गदर्शक झाला. दोन सामने झाले, दोन्ही हरले आणि काम गेलें. परंतु त्याच्या हाताखालीं १९७४ मध्यें पॅरिसचा एक क्लब वरच्या श्रेणींत चढला, आणि १९८० मध्यें त्याच्या जन्मभूमीच्या, मोरोक्कोच्या, संघानें आफ्रिकेच्या स्पर्धेंत तिसरा क्रमांक मिळविला. १ मार्च २०२३ रोजीं, एकोणनव्वदाव्या वर्षीं, तो निवर्तला.

त्याच्या मृत्यूची वार्ता देतांना साऱ्या जगानें तेरा गोलांची आठवण केली, आणि तें योग्यच झालें. परंतु तो आंकडा उद्यां कोणी मोडील. आंकडे मोडण्यासाठींच असतात. मुदत संपल्यावर मोकळेपणानें दुसऱ्या क्लबाशीं बोलणें करणारा फ्रान्समधील साधा, अप्रसिद्ध खेळाडू मात्र फाँतेनचें नांव न घेतांहि त्याच्या श्रमाचें फळ चाखतो. ज्या घरांतील मुलगा खेळावरच पोट भरण्याचें स्वप्न पाहत असेल, त्या घरच्या वडील माणसांनीं त्याला तेरा गोलांची कथा अवश्य सांगावी. पण सही करण्यापूर्वीं करार नीट वाचावा, पाय मोडल्यास खर्च कोण सोसणार हें विचारावें, आणि तिसाव्या वर्षानंतर हा काय करील ह्याचाहि विचार आधींच करावा. फाँतेनची कथा एवढी सावधगिरी शिकवील, तर तिचें सार्थक झालें.