काम वाटणाऱ्याची वही



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा हा गृहस्थ यंत्रमाग कामगारांच्या महागाई भत्त्यावर बोलेल, अशी त्यांची समजूत असावी. मी कळवले की मला गणकयंत्रांविषयी बोलायचे आहे; अनेक गणकयंत्रे एकत्र जोडली म्हणजे त्यांच्यात काम वाटणारा कारभारी कसा असतो आणि त्याचे प्रत्येक यंत्रावरचे एजंट कसे नेमावे लागतात, याविषयी. चिटणीसांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचा दोष नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात. परंतु काम कोणी वाटायचे आणि कोणत्या नियमाने वाटायचे, हा प्रश्न मी तीस वर्षे हाताळतो आहे. त्या अधिकाराने आपल्यापुढे उभा आहे.

माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. कोणत्या गिरणीत ते सांगत नाही. ती आता राहिली नाही. बदली म्हणजे काय हे या सभागृहातल्या पांढऱ्या केसांना सांगायला नको, पण तरुणांसाठी सांगतो. पहाटे भोंग्याच्या आधी गेटवर उभे राहायचे. कायम कामगारांपैकी कोणी आला नाही, तर त्याच्या मागावर त्या दिवसापुरते काम मिळायचे. कोणाला मिळेल ते जॉबर ठरवी. नियम नव्हते असे नाही. 1931 साली व्हिटले कमिशनने जॉबरच्या दस्तुरीवर कोरडे ओढले होते. 1935 साली मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत आली. स्वातंत्र्यानंतर 1950 च्या सुमारास मुंबई, अहमदाबाद आणि आपले सोलापूर या शहरांत सरकारी योजनेने नावे नोंदवून पाळीपाळीने काम देण्याचा प्रयत्न झाला. पण वडिलांच्या तोंडचे मी लहानपणी ऐकलेले असे, की नियम कागदावर होते आणि गेटवर जॉबर होता. काम न मिळालेला माणूस घरी परते तेव्हा आपल्याला का मिळाले नाही, याचे कारण त्याला कधीच ठाऊक नसे. उपाशी राहण्यापेक्षाही ते त्यांना जास्त लागे.

आता गणकयंत्राकडे येतो. आमच्या युनियनच्या एका विडी कामगार भगिनीचा मुलगा पुण्यात एका शिक्षणसंस्थेत गणकयंत्रांचा समूह सांभाळतो. युनियनच्या कामासाठी पुण्यास गेलो असता चार दिवस त्याच्याकडे उतरलो होतो. रात्री तो आपले काम करीत बसे आणि मी शेजारी बसून प्रश्न विचारी.

समूहाला ते लोक क्लस्टर म्हणतात. हा शब्द आपल्या अक्कलकोट रोडच्या एम.आय.डी.सी.त नवा नाही. एक मोठा कारखाना काढण्याऐवजी अनेक लहानांनी मिळून काम करायचे, हाच त्याचा अर्थ. पुण्याला या विद्येची परंपरा आहे. 1988 साली तेथे सी-डॅक ही संस्था निघाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 साली 'परम 8000' हे महासंगणक तयार झाले. तेही एकच अजस्र यंत्र नव्हते. अनेक लहान गणिते करणारे एकत्र बांधलेले होते. 2019 साली पुण्याच्या आयसर या संस्थेत 'परम ब्रह्म' बसले. पाऊस, औषधे, धातू, तारे, सगळ्यांचे अभ्यासक आपापले काम घेऊन अशा यंत्रापुढे येतात. यंत्रे मोजकी आणि काम मागणारे फार. म्हणजे गेट आले, रांग आली, आणि जॉबरही आला.

या जॉबरचे नाव शेड्युलर. 'परम ब्रह्म'वर जो आहे त्याला 'स्लर्म' म्हणतात. तो अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत या शतकाच्या आरंभी लिहिला गेला आणि त्याचा सगळा मजकूर कोणालाही वाचायला खुला आहे. हे वाक्य लक्षात ठेवा. शेवटी त्याकडे परत यायचे आहे.

एक मुख्य कारभारी मधल्या यंत्रावर बसतो. कामे त्याच्याकडे येतात, रांग तो लावतो. परंतु त्याला प्रत्येक यंत्रावर काय चालले आहे हे डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून प्रत्येक यंत्रावर त्याचा एकेक एजंट असतो. एजंट म्हटले की आपल्याला विम्याचा एजंट आठवतो. हा तसा नव्हे. खात्यातल्या मुकादमासारखा आहे. कारभाऱ्याने पाठवलेले काम सुरू करायचे, त्यावर लक्ष ठेवायचे, संपले की कळवायचे, आणि आपले यंत्र धड आहे की नाही हे वेळोवेळी सांगायचे. पाच मिनिटे त्याचा आवाज आला नाही, तर ते यंत्र पडले असे कारभारी धरून चालतो. ही पाच मिनिटे मुळात दिलेली. सांभाळणारा ती बदलू शकतो.

हे एजंट नेमायचे म्हणजे चार गोष्टी कराव्या लागतात. पहिली, वही एकच. कोणते यंत्र, त्यात गणित करणारे गाभे किती, स्मृती किती, हे एका वहीत लिहायचे आणि तीच वही सगळीकडे असली पाहिजे. एकाकडे जुनी आणि दुसऱ्याकडे नवी अशी असली तर कारभारी तशी तक्रार नोंदवतो. दुसरी, ओळखीची किल्ली. सर्वांजवळ एकच गुप्त किल्ली असते. तिच्याशिवाय कोणाचा निरोप खरा मानत नाहीत. तिसरी, घड्याळे जुळलेली हवीत. निरोपावर वेळेचा शिक्का असतो आणि तो साधारण पाच मिनिटेच चालतो. ज्याचे घड्याळ चुकले त्याचा खरा निरोपही खोटा ठरतो. भोंगा आणि टाइम ऑफिसचे घड्याळ यांत फरक पडला म्हणून ज्यांचे खाडे लागले, त्यांना हे लगेच पटेल.

चौथी गोष्ट ताकदीचा खरा आकडा. येथे त्या मुलाची फजिती झाली. सोळा यंत्रे आली होती. खोक्यावर स्मृती 64 गिगाबाइट लिहिलेली, म्हणून त्याने वहीत सोळाही ओळींत 64 भरले. सकाळी पाहतो तो सोळाही यंत्रे कामाबाहेर! एजंटांनी आपापले यंत्र मोजले होते. त्यातली काही स्मृती यंत्राला स्वतःच्या कारभारासाठी लागते, म्हणून त्यांची मोजणी 64 च्या थोडी खाली आली. वहीतला आकडा मोठा आणि खरी ताकद कमी असे दिसताच कारभाऱ्याने त्यांना नवे काम देणे थांबवले आणि प्रत्येकापुढे कारण लिहिले: स्मृती कमी आहे. मी त्याला म्हटले, "अरे, आठ तासांच्या पाळीत माणूस पाणी पितो, हे मालकाला पटवायला आमची हयात गेली आणि तुझ्या यंत्राने एका रात्रीत पटवले!"

त्याने घाईने दुसरी चूक केली. स्मृतीचा हिशेबच वगळला. फक्त गाभे मोजून काम वाटा, असे वहीत लिहिले. दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या रात्री एकाच यंत्रावर दोघांची कामे पडली. एकाच्या कामाने सगळी स्मृती खाऊन टाकली आणि यंत्राने स्वतःला वाचवण्यासाठी दुसऱ्याचे काम मारले. ते एका विद्यार्थिनीचे तीन दिवस चाललेले गणित होते. तिचा काही अपराध नव्हता. तो मुलगा हे सांगताना खाली पाहत होता. मग त्याने रीतीने काम केले. एजंटालाच आज्ञा देता येते की तुझ्या यंत्राची मोजणी करून ओळ छापून दे. ती ओळ वहीत उतरवली, यंत्राच्या स्वतःच्या गरजेपुरते बाजूला ठेवले, आणि प्रत्येक कामाला एजंटाकडून कुंपण घालून घेतले, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या ताटात हात घालू नये.

यंत्र आजारी पडले तर काय, हेही पाहण्यासारखे आहे. त्याला 'ड्रेन' करतात. म्हणजे हातातले काम पुरे करू द्यायचे, नवे द्यायचे नाही. आणि माणसाने ही आज्ञा दिली तर कारण लिहावेच लागते; कारणाशिवाय कारभारी ती स्वीकारत नाही. विडी कारखान्यात भगिनींनी दिवसभर वळलेल्या विड्यांतून कारण न सांगता छाट काढणाऱ्यांनी हा नियम एकदा वाचावा.

रांगेचेही नियम आहेत. ज्याने अलीकडे पुष्कळ यंत्रे वापरली तो मागे जातो. पण त्याचा वापर कायमचा कपाळी राहत नाही. नेहमीच्या मांडणीत सात दिवसांनी त्याचे वजन निम्मे होते. शिवाय मोठ्या कामासाठी यंत्रे राखली असली तरी ती रिकामी ठेवत नाहीत. आपल्याकडे चादरीच्या मोठ्या ऑर्डरीसाठी गुरुवारपासून वीस माग राखले, आणि आज सोमवार असला, तर दोन दिवसांचे टॉवेलचे काम मध्ये बसते. अट एकच, त्याने मोठ्या कामाला उशीर होता कामा नये. म्हणून प्रत्येकाने आपले काम किती वेळ चालेल हे आधी सांगायचे. वेळ संपली की काम थांबवले जाते.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, की मग माणसापेक्षा यंत्राचा जॉबर बरा. मी तसे म्हणत नाही. कोणाचा वाटा किती हे वहीत माणूसच लिहितो. एखाद्या खात्याला दुप्पट वाटा लिहिला, तर यंत्र तो अन्याय निष्ठेने पाळील. त्या विद्यार्थिनीचे गणित मेले तेही वहीतल्या एका ओळीमुळे. फरक एवढाच, की ती ओळ सापडली, दाखवता आली आणि बदलता आली. वही उघडी होती म्हणून.

आज आपल्या शहरात घरोघर जेवण आणि सामान पोचवणारी मुले पाहा. त्यांना काम वाटणाराही गणकयंत्रातलाच कारभारी आहे, आणि त्यांच्या खिशातला फोन हाच त्याचा एजंट. पण ऑर्डर मला का नाही, माझा आयडी का बंद झाला, याचे उत्तर ती मुले माझ्याकडे मागायला येतात, आणि माझ्याकडे ते नसते. ती माझ्या वडिलांसारखीच गेटवर उभी आहेत. जॉबरला आता तोंडही नाही. शेजारच्या कर्नाटकाने 2025 साली या कामगारांसाठी कायदा केला. काम वाटणारी स्वयंचलित यंत्रणा कामगारावर काय परिणाम करते हे त्याला कळले पाहिजे, हे तत्त्व त्यात आहे. सीमेपलीकडे जे मान्य झाले ते सीमेअलीकडे मागायला हरकत नसावी.

माझी मागणी मोठी नाही. पुण्यातल्या त्या सोळा यंत्रांना जे मिळते तेवढे माणसाला मिळावे. त्याची ताकद खरी मोजावी, तो थकला तर हातातले काम संपवून त्याला बाजूला होता यावे, काम नाकारले तर कारण लिहावे, आणि ज्या वहीवरून काम वाटले ती त्याला वाचता यावी. तो मुलगा आता दर महिन्याला वहीची एक प्रत दारावर लावतो. त्या विद्यार्थिनीने, म्हणे, पहिल्याच महिन्यात तिच्यात एक चूक काढली.