ऊसतोडीस गेलेल्यांचें दुखणें
(समितीच्या सभेंतील भाषण)



दुष्काळपीडितांस अन्न द्यावें, हें कोणासहि पटवावें लागत नाहीं. परंतु पाऊस चुकला म्हणजे बीड जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतकरी घरीं बसून राहत नाहीं. मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास जोडीनें ऊसतोडीस निघतो व पांच-सहा महिने तळावर पालांत काढतो. तेथें त्याच्या आजारपणाची चिंता कोणीं वाहावी?

वकिलाच्या संवयीनें मीं कायदा उघडून पाहिला. स्थलांतरित कामगारांविषयींच्या १९७९ च्या कायद्यानें विनामूल्य औषधोपचाराचा भार ठेकेदारावर घातला होता. पण तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरताच. बेळगांवास गेलेला त्याच्या छायेंत, कोल्हापुरास गेलेला उन्हांत! (ती छायाहि कितीजणांस लाभली, हा प्रश्न निराळाच.)

काम चुकलें कीं 'खाडा' म्हणून पैसे कापले जातात. म्हणून बायका दुखणें अंगावर काढतात, आणि असह्य झालें म्हणजे शस्त्रक्रियेस तयार होतात. २०१९ सालीं शासनाच्या समितीस बीड जिल्ह्यांत पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. शस्त्रक्रियेसाठीं कर्ज, आणि कर्जासाठीं पुन्हां उचल!

तळावर आठवड्यांतून एकदां तरी डॉक्टरीणबाई व औषधें पोंचावीं, आणि तींहि दिवस मावळल्यावर, कारण दिवसा बाई फडांत असते. उपचाराचें टिपण तिच्याजवळच राहावें. गांवच्या दवाखान्यांत तें दाखवितां येईल. ह्या कार्याची वर्गणी चिटणिसांकडे निराळी द्यावी. धान्याच्या निधींतून एक पैहि इकडे वळविली जाणार नाहीं.