हे चित्र कुठून पाहिलंय?



आज आपल्याला चित्रं पाहायची आहेत. रेडिओवर चित्र दिसत नाही, पण चित्रासमोर उभं राहताना मनात कोणता प्रश्न धरावा, हे नक्की सांगता येतं. तो प्रश्न शिकायला मी तुम्हाला लांब, उत्तर अटलांटिक महासागरात नेणार आहे. स्कॉटलंड, नॉर्वे आणि आइसलंड यांच्या मधल्या पाण्यात १८ बेटांचा एक पुंजका आहे, फेरो बेटं. डेन्मार्कच्या छत्राखाली राहून आपला कारभार आपण पाहणारा हा मुलूख. सगळी जमीन मिळून सुमारे १,४०० चौरस किलोमीटर, आणि माणसं ५४ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावात मावतील एवढी.

ही बेटं डोळ्यांसमोर आणणं मराठी माणसाला अवघड नाही. आपला सह्याद्री ज्या काळ्या बेसॉल्टचा, त्याच जातीच्या दगडाची ही बेटं. लाव्हाचे थरावर थर साचून झालेली, म्हणून डोंगरांना तशाच आडव्या पायऱ्या. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आठवा. त्याच्या तळाशी थेट समुद्र आणून लावा. आता झाडं काढून टाका, अगदी सगळी. उतारावर आखूड गवत पसरा, त्यात मेंढ्या सोडा आणि वरून आषाढातला ढग खाली ओढा. तिथे हा ढग वर्षभर मुक्कामाला असतो. घडीत पाऊस, घडीत ऊन. हिवाळ्यात दिवस जेमतेम पाच तासांचा आणि ऐन उन्हाळ्यात रात्र नीट काळोखी होतच नाही.

निसर्गचित्रात झाड म्हणजे मोठा आधार असतो. एका बाजूला झाड उभं केलं की चौकट बसते, सावली मिळते, नजर आपोआप आत शिरते. फेरोच्या चित्रकाराला हा आधार नाही. खडक, पाणी, आभाळ आणि त्यांच्यावरून सरकणारा उजेड, एवढ्यावर त्याला भागवावं लागतं. आणि या सगळ्यापासून दूर जाऊन, बाजूला बसून, निवांत पाहावं अशी जागाही त्याला नाही. बेटावर समुद्र चारही बाजूंनी असतो. म्हणून तिथल्या चित्रांना एकच प्रश्न विचारायचा : हे चित्र कुठून पाहिलंय? चित्रकार किनाऱ्यावर उभा आहे, दारात बसलाय की होडीत आहे?

सुरुवात एका नोटेपासून करू. फेरो बेटांवर डॅनिश क्रोनच्या हिशेबातलं चलन चालतं, पण नोटा त्यांच्या स्वतःच्या आहेत. २००१ ते २००५ या काळात निघालेल्या नोटांच्या दर्शनी बाजूला बेटांवरच्या जिवांचे तुकडे आहेत. ५० क्रोनच्या नोटेवर मेंढ्याचं शिंग, १०० च्या नोटेवर कॉड माशाचं शेपूट, ५०० च्या नोटेवर खेकडा. राजा नाही, पुढारी नाही. आणि नोट उलटली की मागे जलरंगातलं निसर्गचित्र. ही चित्रं झकारियास हाइनेसन यांची, जन्म १९३६.

जलरंगाचं चित्र पाहताना आधी पांढरा शोधावा. जातिवंत जलरंगात पांढरा रंग लावलेला नसतो, तो कोरा ठेवलेला कागद असतो. म्हणजे उजेड कुठे पडणार हे चित्रकाराला कुंचला ओला करण्याआधी ठरवावं लागतं. नंतर पुसून दुरुस्ती होत नाही. आता फेरोची हवा आठवा. डोंगरावर उन्हाचा पट्टा येतो आणि कागद सुकायच्या आत जातो. हाइनेसन यांच्या चित्रांत रंगाचे मोजके, मोकळे फटकारे आणि त्यांच्यामध्ये सोडलेले कोरे तुकडे दिसतात. त्या कोऱ्या तुकड्यात धुकं आहे, पाण्यावरची चमक आहे. ही नजर उघड्यावर उभ्या असलेल्या, पाऊस अंगावर घेणाऱ्या माणसाची आहे.

आता दुसरे चित्रकार, सामाल योएन्सेन मिकिनेस. जन्म १९०६, मृत्यू १९७९. फेरोचे पहिले व्यावसायिक चित्रकार म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. मिकिनेस हे त्यांच्या जन्मबेटाचं नाव, ते त्यांनी स्वतःला लावलं. आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं तसंच. पश्चिमेच्या टोकाचं हे बेट समुद्रपक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. मिकिनेस तरुण असताना विल्यम गिस्लांडर नावाचे स्वीडिश पक्षिचित्रकार तिथे आले. त्यांचं काम पाहून या मुलाने रंग हातात घेतले आणि पुढे तो कोपनहेगनच्या कला अकादमीत शिकला.

मिकिनेस यांच्या चित्रात काळा पाहावा. १९३० च्या दशकात त्यांनी आपल्या गावातले मृत्यू रंगवले. मृत्युशय्येभोवती जमलेली माणसं, मयतीहून परतणारी माणसं. समुद्रावर पोट असलेल्या गावात मरण कुणाच्याही उंबऱ्यावर येतं. या चित्रांतल्या माणसांचे काळे कपडे नीट पाहिले तर त्या काळ्यात निळा सापडतो, हिरवट छटा सापडते. ओल्या कातळाचा काळा असतो ना, तसा तो आहे. माणसं एकमेकांना चिकटून उभी असतात, वेगळी काढता येत नाहीत. दुरून पाहिलं तर त्यांचाच एक खडक झालेला दिसतो. चित्रकाराने दुःख दाखवायला चेहरे वेडेवाकडे केले नाहीत. त्याने माणसांना बेटाचा रंग दिला.

त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवलेला दुसरा विषय म्हणजे ग्रिंद, म्हणजे पायलट व्हेलची सामुदायिक शिकार. होड्यांनी कळप खाडीत हाकायचा आणि किनाऱ्याजवळ मारायचा, ही तिथली जुनी रीत. मांस गावात वाटून घेतलं जातं. आज या प्रथेवर जगभरातून कडक टीका होते आणि ती आपल्यालाही अस्वस्थ करते. चित्र पाहताना ती अस्वस्थता बाजूला ठेवायची गरज नाही. फक्त विचारा, हे कुठून पाहिलंय? होड्या तिरक्या, माणसं वाकलेली, पाणी लाल, आणि पाय टेकायला कोरडी जागा कुठेच नाही. माणूस, व्हेल आणि लाट एकाच गुंत्यात. पाहणारा त्या गुंत्याच्या आत आहे, म्हणून आपणही आत ओढले जातो.

तिसरी चित्रकार रूथ स्मिथ, आणि मला सर्वांत जवळची वाटणारी. १९१३ मध्ये सगळ्यांत दक्षिणेकडच्या सुदुरोय बेटावर, वागुर गावी जन्म. शिक्षण कोपनहेगनला. नंतर ती आपल्या खाडीकाठी परतली आणि तोच काठ, तीच घरं, तेच डोंगर रंगवत राहिली.

तिच्या चित्रात रेषा शोधावी. डोंगर जिथे संपतो आणि आभाळ जिथे सुरू होतं, तिथे बोट ठेवायचा प्रयत्न करा. ठेवता येत नाही. छोट्या छोट्या फटकाऱ्यांनी तिने रंग विणत नेलाय. डोंगरातला जांभळट तुकडा ढगात दिसतो, ढगातला राखाडी पाण्यात उतरतो. नवख्याला वाटतं, चित्र धूसर आहे. दोन मिनिटं थांबलं की कळतं, हवेत ओल असली की जग असंच दिसतं. आपल्या घाटात जुलै महिन्यात समोरची टेकडी अशीच विरघळते. तिने स्वतःचा चेहराही याच पद्धतीने रंगवला. तिच्या आत्मचित्रांत नटणं नाही, लाडीगोडी नाही. खाडीवर जो उजेड पडतो तोच गालावर पडलाय आणि ती तो तितक्याच कठोरपणे तपासतेय. रोज एकाच दारातून पाहणाऱ्या माणसाची ही नजर आहे. एकच जागा पुन्हा पुन्हा पाहिली की ती संपत नाही, वाढत जाते, हे मला तिच्या चित्रांनी शिकवलं. १९५८ मध्ये त्याच खाडीत पोहताना ती बुडाली. अवघी पंचेचाळीस वर्षांची होती.

चौथे त्रोंदुर पातुर्सोन, जन्म १९४४. १९७६ मध्ये टिम सेव्हरिन नावाच्या साहसी प्रवाशाने कातड्याच्या होडीतून आयर्लंडहून अटलांटिक ओलांडायची मोहीम काढली, तेव्हा फेरो बेटांवर हे चित्रकार त्या होडीत चढले आणि पुढच्या वर्षी न्यूफाउंडलंडला पोचले. ते काचेत काम करतात, आणि त्यांचा निळा विसरता येत नाही. राजधानी तोर्सहाव्हनच्या राष्ट्रीय कलादालनात त्यांनी निळ्या काचांची आणि आरशांची एक खोली केली आहे. आत पाऊल टाकलं की वरही निळं, खालीही निळं. तळ हरवतो. भर समुद्रात लहानशा होडीतून ज्याने दिवसरात्र पाहिलं, त्यालाच अशी खोली सुचते.

२०२० मध्ये फेरो बेटांवर समुद्राखालून सुमारे ११ किलोमीटरचा बोगदा खुला झाला. त्याच्या पोटात वाहनांसाठी एक गोल चौक आहे, आणि त्या चौकाच्या मधल्या खडकाभोवती पातुर्सोन यांनी पोलादी माणसांचा फेर उभा केलाय. हातात हात धरून फेर धरायचा, हे फेरोचं जुनं लोकनृत्य. मागे रंगीत उजेड, डोक्यावर समुद्र. कामावर निघालेला माणूस रोज त्या फेराला वळसा घालून जातो.

श्रोतेहो, फेरोला जाणं आपल्यापैकी फार थोड्यांना जमेल. पण प्रश्न तर आपल्याजवळ आला. पांढरा कुठून आला, काळ्यात काय काय मिसळलंय, रेषा कुठे विरली, आणि मुख्य म्हणजे, कुठून पाहिलंय. घरातल्या कॅलेंडरवर समुद्राचं चित्र असेल तर आज रात्री त्याच्यासमोर दोन मिनिटं उभे राहा आणि त्यालाच विचारून पाहा. काही चित्रं लगेच उत्तर देतील, काही गप्प राहतील. गप्प राहिलेल्या चित्राकडे उद्या पुन्हा जा.